पाय भाजले तरी रेस जिंकली: ब्रिस्टल, १९६१

३० जुलै १९६१. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात ब्रिस्टल नावाचं गाव, तिथे नवा कोरा ट्रॅक बांधलेला, अर्ध्या मैलाचा, म्हणजे एक फेरी साधारण ८०० मीटरची, आणि त्यावरची पहिलीच मोठी स्टॉक कार रेस. नाव व्हॉलंटिअर ५००. पाचशे फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. ४२ गाड्या सुटल्या, शेवटपर्यंत टिकल्या फक्त १९. रेकॉर्डमध्ये विजेता म्हणून जॅक स्मिथचं नाव आहे, गाडी पॉन्टियाक. पण शेवटच्या २१० फेऱ्या स्मिथने ती गाडी चालवलीच नाही! २९० फेऱ्या झाल्यावर तो उतरला आणि त्याच्या जागी जॉनी अ‍ॅलन बसला, कारण खालच्या पत्र्यातून येणाऱ्या उष्णतेने स्मिथचे पाय भाजले होते. रेस जो सुरू करतो निकाल त्याच्या नावावर, असा नियम, म्हणून विजेता स्मिथ.

मला जुन्या रेसचं वेड आहे, ही गोष्ट मी कितीतरी वेळा वाचली असेल, आणि दर वेळी डोळ्यासमोर तापून लाल झालेला पत्रा यायचा. मग मागच्या हिवाळ्यात आमच्या आईच्या पोटरीला लिंबाएवढा फोड आला. रात्री पाय दुखत होता म्हणून रबरी पिशवीत गरम पाणी भरून, वर टॉवेल गुंडाळून, ती पायाशी घेऊन झोपली, पहाटे उठली तर फोड. घरातले सगळे एकच म्हणत होते की पाणी काही उकळतं नव्हतं, हाताला तर छान कोमट लागत होतं, मग भाजेल कसं? कोणी म्हणालं अ‍ॅलर्जी असेल, कोणी म्हणालं किडा चावला. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, भाजलंय. तेव्हा मी या विषयाच्या मागे लागलो आणि माझ्यापुरतं ब्रिस्टलचं कोडंही सुटलं. स्मिथच्या पायाखालचा पत्रा लाल असायची काही गरजच नव्हती.

आधी गाडी बघू. स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात मिळते तशी गाडी. १९६१ साली ते बऱ्यापैकी खरं होतं, बॉडी आणि फ्लोअर कारखान्यातून आलेलं, फ्लोअर म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा. पेट्रोलमधली जेवढी ऊर्जा चाकांपर्यंत पोचते साधारण तेवढीच सायलेन्सरच्या पाइपातून गरम धूर होऊन जाते, आणि हा पाइप जातो कुठून, तर पायाखालून. ज्यांनी जुन्या एसटीत ड्रायव्हरच्या शेजारच्या बॉनेटवर बसून घाट चढलाय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. वर गोणपाट किंवा गोधडी टाकलेली असायची तरी अर्ध्या तासाने माणूस एकदा या अंगावर, एकदा त्या अंगावर बसायचा, आणि तिथे इंजिन आणि आपल्यामध्ये निदान जाड झाकण तरी होतं.

पाइप ५०० अंश सेल्सिअसला आहे असं धरूया, रेसच्या इंजिनासाठी हे काही जास्त नाही. तापलेली वस्तू जे उष्णतेचे किरण सोडते ते केल्विनमधल्या (म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून येणाऱ्या) तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतात. पाइप अगदी पूर्ण काळा नसतो, किरण थोडे कमी सोडतो, हे धरून गणित केलं तर पाइपाच्या दर चौरस मीटरमागे १६ किलोवॅटच्या आसपास येतात. भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरला साधारण एक किलोवॅट देतं. म्हणजे पत्र्याच्या खालच्या अंगाला पंधरा-सोळा सूर्य लागलेत.

हीच गाडी मोठ्या ट्रॅकवर असती तर वाऱ्याने तरी हात दिला असता. त्याच वर्षी डेटोना ५०० ही तशा मोठ्या ट्रॅकवरची रेस मार्व्हिन पँचने जिंकली तेव्हा सरासरी वेग होता तासाला सुमारे २४० किलोमीटर. ब्रिस्टलला स्मिथच्या गाडीची सरासरी फक्त ११० च्या आसपास. वेग अर्ध्याहून कमी म्हणजे पत्र्याखालून वाहणारा वाराही तेवढा कमी, इंजिन मात्र दर फेरीला दोनदा पूर्ण जोर लावतंय, शिवाय एवढ्याशा ट्रॅकवर ४२ गाड्या म्हटल्यावर पुढच्याच्या गरम धुरातून सतत जायचं. लोकांना वाटतं वेग जास्त म्हणजे ताप जास्त. शॉर्ट ट्रॅकवर, म्हणजे अशा छोट्या ट्रॅकवर, नेमकं उलट होतं, गाडी वेगात नसते म्हणूनच थंड होत नाही.

अजून एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. वळण कायम डावीकडे, त्यामुळे ड्रायव्हरचं अंग कायम उजवीकडे ढकललं जातं. (बाहेर फेकणारं असं खरं बल नसतं, अंग सरळच जायला बघतं आणि गाडी त्याच्याखालून डावीकडे वळते, एवढं शाळेत झालंय.) अमेरिकन गाडीत ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्याच्या उजव्या पायाला लागून मधला उंचवटा असतो ज्याच्याखाली गिअरबॉक्स. म्हणजे प्रत्येक वळणाला उजवा पाय त्या तापलेल्या उंचवट्यावर दाबला जाणार, आणि टाच पत्र्यावर टेकवल्याशिवाय अ‍ॅक्सिलरेटर नीट सांभाळता येत नाही. पाय उचलून घ्यायची सोयच नाही.

आता माझ्या आवडीचा भाग, इथे जरा वेळ घेतो.

भाजणं म्हणजे काय? आपल्याला वाटतं एक ठराविक तापमान असतं, त्याच्या वर गेलं की भाजतं, खाली असलं की नाही. बाइकच्या सायलेन्सरचा चटका पोटरीला बसलेला असतो ना, त्यावरून आपण हा नियम बनवलेला असतो. १९४७ साली हार्वर्डमध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी हे नीट मोजलं. डुकराची कातडी माणसाच्या कातडीशी बरीच मिळतीजुळती असते म्हणून डुकरांवर, आणि स्वतःहून तयार झालेल्या माणसांवरही, कातडीला ठराविक तापमान ठराविक वेळ द्यायचं आणि इजा कधी होते ते बघायचं. निकाल असा, की कातडी ६० अंशाला असेल तर भाजायला पाचेक सेकंद पुरतात. ४७ अंशाला पाऊण तास लागतो. ४५ अंशाला तीन तास. ४४ अंशाला सहा तास. म्हणजे ४४ अंशालाही भाजतं! फक्त बसून राहायला लागतं. ४४ ते ५१ या पट्ट्यात तापमान एका अंशाने वाढलं की इजेचा वेग साधारण दुप्पट होतो.

हे एका अंशाला दुप्पट म्हणजे किती भयंकर आहे ते बघा. रसायनशास्त्रात आपण शिकलो की तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. इथे दहा अंशांत दोनाचा दहावा घात, म्हणजे हजार पट. असं का? कारण कातडीच्या पेशींमधली प्रथिनं उसवतात, अंड्याचा पांढरा भाग शिजताना घट्ट होतो तशातलाच प्रकार. प्रथिनाची लांब साखळी घडी घालून ठेवलेली असते आणि ती घडी धरून ठेवणारे बंध एकेकटे अगदी दुबळे असतात, पण असतात शेकड्याने. चपलेचा वेलक्रो एका टोकापासून सोलला तर सहज निघतो, तोच सगळा एकदम सरळ ओढून बघा, निघत नाही. प्रथिन उसवायचं तर बरेचसे बंध जवळजवळ एकाच वेळी सुटावे लागतात, त्यासाठी त्या रेणूकडे एका क्षणी भरपूर ऊर्जा गोळा व्हावी लागते, आणि एवढी ऊर्जा गोळा व्हायची शक्यता तापमानाबरोबर घातांकी वेगाने वाढते. हेन्रिक्सने यासाठी अ‍ॅरेनियसचं तापमानावरून क्रियेचा वेग सांगणारं जुनं समीकरण लावलं, तेच जे बारावीला असतं, आणि त्यात ऊर्जेचा उंबरठा आला मोलला ६२८ किलोज्यूल. दहा अंशांत दुप्पट होणाऱ्या नेहमीच्या क्रियेचा उंबरठा असतो ५० च्या आसपास. उंबरठा बारापट उंच, म्हणून तापमानाला बारापट हळवं, म्हणून दहा अंशांच्या ऐवजी एकाच अंशात दुप्पट. समीकरणाच्या सुरुवातीचा जो गुणक असतो तो आला ३.१ गुणिले १० चा ९८ वा घात, म्हणजे नव्याण्णव आकडी संख्या. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. चूक नाहीये, उंबरठा एवढा उंच असल्यावर त्याला तोलायला गुणकही तसाच लागतो.

४४ च्या खाली काय होतं? उसवणं तिथेही चालू असतं, पण पेशी दुरुस्तीही करत असतात आणि दुरुस्ती पुढे राहते. शिवाय रक्त खेळतं राहून उष्णता वाहून नेत असतं. पाय घट्ट दाबलेला असेल तर तिथलं रक्त कमी होतं, म्हणजे हा बचावही लंगडा पडतो. आईच्या पोटरीखाली पिशवी रात्रभर दाबलेली होती. तिला मधुमेह आहे, पायाची जाणीव कमी झालेली, त्यामुळे झोपेत पाय हलवावासा वाटलाच नाही.

आता यात एक मेख आहे. वरचे सगळे आकडे कातडीच्या तापमानाचे आहेत, वस्तूच्या नाही. कुकरचं स्टीलचं झाकण आणि त्याचा काळा दांडा शेजारी शेजारी तापलेले असतात, दांडा आपण बिनधास्त धरतो, झाकणाला बोट लागलं की हात झटकतो. दोन वस्तू टेकल्या की टेकलेल्या जागेचं तापमान ज्याची उष्णता पुरवायची ताकद जास्त त्याच्या बाजूला झुकतं. ८० अंशाचं लाकूड उघड्या कातडीला टेकलं तर टेकलेल्या जागी सुरुवातीला साधारण ४५ येतं, तेवढ्याच ८० अंशाचा जाड पोलादी तुकडा टेकला तर ७५ च्या वर. सेकंदभरात काम खलास.

निखाऱ्यांवरून चालण्याचं उत्तरही इथेच आहे. गोव्यात शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे व्रत धरलेले भक्त, होमकुंडाच्या निखाऱ्यांतून जातात, आपल्याकडेही किती ठिकाणी हे चालतं. लोकांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, उपास धरून, नेम पाळून जाणाऱ्याचं मन त्याचं त्याला ठाऊक. पण जो बुवा त्यावरून स्वतःच्या अंगात शक्ती असल्याचं सांगतो आणि पैसे घेतो तो सरळ फसवतोय. कोळसा हलका असतो, उष्णता पुरवायची ताकद त्याच्यात फारच कमी, वर राखेचा थर, आणि एक पाऊल अर्धा सेकंदही टेकत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी स्वतः निखाऱ्यांवरून चालून हे दाखवलंय. त्याच बुवाला ६० अंशाच्या लोखंडी पत्र्यावर, म्हणजे दिसायला अगदी साध्या, ना धूर ना लाली, नुसतं मिनिटभर अनवाणी उभं करा. कोणतीही शक्ती असो, पाय भाजणारच. (कृपया घरी दोन्हीपैकी काहीही करून बघू नका, निखाऱ्यावर अडखळून पडलेली माणसं वाईट भाजतात.)

स्मिथच्या पायात बूट होते. बूट म्हणजे कुकरच्या दांड्यासारखा, उष्णता हळूहळू सोडणारा, म्हणून पहिल्या पन्नास फेऱ्यांत फारसं काही जाणवलं नसणार. पण जाडसर तळवा उष्णता थांबवत नाही, फक्त उशिरा पोचवतो. तासाभराने तळव्याची आतली बाजूही तापते, घामाने मोजा ओला होतो, ओला मोजा कोरड्यापेक्षा उष्णता चांगली नेतो, आणि मग कातडी चाळिशी ओलांडून वर सरकत राहते. तेव्हा सीटवरून हलता येत नाही, दहा-बारा सेकंदांनी पुढचं वळण आहे.

पुढे लोक शिकले. पत्रा आणि पाइप यांच्यामध्ये चकचकीत अ‍ॅल्युमिनियम आणि थोडी हवेची फट ठेवली की ते किरण बहुतेक सगळे परत फिरतात. आजचे ड्रायव्हर टाचेखाली उष्णतारोधक पट्टी आणि बुटावर वेगळं कवच वापरतात, सीटमध्ये गार हवेची नळी असते. तरी उन्हाळ्यातल्या शॉर्ट ट्रॅकच्या रेसनंतर टाचा भाजल्याच्या तक्रारी येतातच.

शेवटी एक हिशोब, जो केला त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. २९० फेऱ्या म्हणजे १४५ मैल. गाडीच्या सरासरी वेगाने भागलं तर दोन तास सात मिनिटं. बुटात कातडी ४५.५ अंशाला होती असं धरा, ४५ ला तीन तास आणि ४६ ला दीड तास, तर मधल्या अर्ध्या अंशाला येतात दोन तास सात मिनिटं. अॅलनच्या वाट्याला उरल्या २१० फेऱ्या, म्हणजे दीड तासाच्या किंचित वर. गाडी तीच, पत्रा तोच, तापमान तेच, कदाचित जास्तच. पण इजा मिनिटामिनिटाने साठत जाते, आणि अॅलन गाडीत बसला तेव्हा त्याच्या पायांचं मोजमाप शून्यापासून सुरू झालं होतं.