विल्यम्सबर्ग (व्हर्जिनिया) : वसाहतकाळातली राजधानी

विल्यम्सबर्ग हे अमेरिकेतल्या व्हर्जिनियातलं छोटं शहर, १६९९ ते १७८० राजधानी होतं, आधी ब्रिटिश वसाहतीची आणि शेवटची चार वर्षं नव्या स्वतंत्र राज्याची. १६९८ला जेम्सटाउनचं सभागृह जळालं, तिथली हवा दलदलीची, मग आत मिडल प्लँटेशन नावाच्या वस्तीत राजधानी हलवली आणि राजा तिसरा विल्यम याचं नाव दिलं. कॉलेज मात्र तिथे १६९३पासूनच होतं.

गाव आधी कागदावर आखलं, मग वसवलं. गव्हर्नर निकोल्सनने साधारण मैलभर लांब आणि ९९ फूट रुंद सरळ रस्ता काढला, एका टोकाला कॉलेज, दुसऱ्या टोकाला कॅपिटॉल म्हणजे विधानसभा आणि वरचं कोर्ट. प्लॉट अर्ध्या एकराचा, मुख्य रस्त्यावर घर ६ फूट मागे सरकवूनच बांधायचं, आणि दोन वर्षांत बांधलं नाही तर प्लॉट परत जायचा (आपल्याकडच्या एमआयडीसीत प्लॉट अडवून बसणाऱ्यांना हा नियम लावायला हवा).

राजधानी असली तरी वस्ती २,०००च्या आतच. एरवी सुस्त गाव, पण एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये वरचं कोर्ट भरलं की जत्राच. वकील, मळेवाले, कर्जबाजारी, त्यांना गाठायला आलेले सावकार, सगळे एकदम यायचे, गाव दुप्पट व्हायचं म्हणतात, आणि मग टॅव्हर्नमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. टॅव्हर्न म्हणजे खाणावळ, लॉज आणि दारूचा गुत्ता असं सगळं एकाच छपराखाली. जेवणाचे, दारूचे, झोपायचे दर काउंटीचं म्हणजे जिल्ह्याचं कोर्ट ठरवून द्यायचं आणि ते भिंतीवर लावावे लागायचे. स्वतंत्र खोली सोडाच, अनोळखी माणसाबरोबर एका पलंगावर झोपायची तयारी ठेवायची.

माझ्या मते गावातली खरी संस्था हीच. १७६९मध्ये गव्हर्नरने विधानसभा बरखास्त केली तेव्हा सदस्य उठून सरळ रॅले टॅव्हर्नमध्ये गेले आणि ब्रिटिश मालावर बहिष्काराचा करार तिथेच केला, १७७४ला पुन्हा तेच. आणि याच रॅलेच्या दारात जमिनीबरोबर माणसांचेही लिलाव व्हायचे.

कारण क्रांतीच्या, म्हणजे ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास गावातली निम्म्याहून जास्त माणसं काळी होती आणि त्यातली जवळपास सगळी गुलाम. स्वयंपाक, धुणं, घोडे, सुतारकाम, विटा, सगळं त्यांच्यावर. १७६०मध्ये लंडनच्या एका धर्मादाय मंडळाने काळ्या मुलांसाठी ब्रे स्कूल काढलं, अॅन वॅगर नावाच्या एकट्या बाई शिकवायच्या, मुलं बहुतेक गुलामच. हेतू असा की धर्म शिकावा आणि आपल्या स्थितीत समाधान मानावं, पण वाचायला शिकलेलं पोर नेमकं तेवढंच वाचेल हे कोण सांगणार. १७७४ला बाई गेल्या आणि शाळा बंद.

चर्च ऐच्छिक नव्हतं. अँग्लिकन चर्च सरकारीच, त्याचा कर सगळ्यांना आणि हजेरी कायद्याने. ब्रूटन पॅरिश चर्चची सध्याची इमारत १७१५ची. गोरगरीब, अनाथ यांची सोय चर्चच्या पंचमंडळाकडे, म्हणजे व्हेस्ट्रीकडे. पाद्रीबुवांचा पगार वर्षाला १६,००० पौंड (वजन) तंबाखू! रोख नाण्यांची चणचण असायची म्हणून कर, पगार, कर्ज सगळं तंबाखूत मोजायचे, आणि सरकारी वखारीत माल तपासून मिळालेली पावती नोटेसारखी हातोहात फिरायची.

मत फक्त जमीनवाल्या गोऱ्या पुरुषांना, तेही सगळ्यांसमोर तोंडी, उमेदवार शेजारीच उभा आणि त्याने आधी रम पाजलेली. हा भाग वाचताना आपल्याला काहीच परकं वाटत नाही.

बाकी १७०४चा तुरुंग (ब्लॅकबिअर्ड या समुद्री चाच्याचे साथीदार इथेच होते), १७३६पासून व्हर्जिनिया गॅझेट, ज्यात पळालेल्या गुलामांच्या जाहिराती अंगावरच्या व्रणांच्या वर्णनासकट छापून यायच्या, आणि १७७३चं पब्लिक हॉस्पिटल, वसाहतींमधलं फक्त मनोरुग्णांसाठीचं पहिलं. त्यात २४ कोठड्या, म्हणजे दवाखाना कमी आणि कैदखाना जास्त.

१७८०ला राजधानी रिचमंडला गेली, गाव मागे पडलं आणि म्हणूनच बऱ्याच जुन्या इमारती टिकल्या. १९२६पासून रॉकफेलर या अमेरिकी धनाढ्याच्या पैशातून जीर्णोद्धार झाला आणि जुनं गाव आता लोकांना बघायला खुलं संग्रहालय आहे. त्यात बरीच वर्षं दाखवले जायचे ते मुख्यतः विग घातलेले गोरे साहेबच. ब्रे स्कूलची मूळ इमारत कॉलेजच्या आवारात दुसऱ्याच कामासाठी वापरात होती, तिची ओळख पटल्यावर २०२३मध्ये ती अख्खी उचलून जुन्या गावात आणून ठेवली.