पार्श्वभूमी : टप्प्यांच्या शर्यतीचा मार्ग आणि कोकणातल्या खाड्या

जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ झाली आणि यूसीआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, २.२ दर्जाची शर्यत महाराष्ट्राच्या रस्त्यांवर धावली. यातला पहिला २ म्हणजे अनेक दिवसांची शर्यत, दुसरा तिची श्रेणी. चार टप्पे, चारशे किलोमीटरच्या वर अंतर. पुढचे नाव कोकणाचे निघणार हे ओघानेच आले. समुद्र, माड, किल्ले, सगळे कॅमेऱ्याच्या सोयीचे. मार्ग आखणारा मात्र नकाशा उघडतो तेव्हा त्याला आधी खाड्या दिसतात.

शर्यतीचा मार्ग कोऱ्या कागदावर कधीच आखला गेला नाही. १९०३ ची पहिली टूर द फ्रान्स ‘लोटो’ या वृत्तपत्राने खप वाढवण्यासाठी काढली. पॅरिस, लियाँ, मार्सेय, तुलूझ, बोर्दो, नाँत आणि परत पॅरिस, असे सहा टप्पे आणि २,४२८ किलोमीटर. पहिलाच टप्पा ४६७ किलोमीटरचा होता. पत्रकार जिओ लफेव्र रेल्वेने पुढे जाऊन नोंदी घेत असे, आणि टप्पे रेल्वेने जोडलेल्या मोठ्या शहरांमध्येच पडले. साठ जण निघाले, एकवीस पोचले.

एवढे लांब टप्पे म्हणजे रात्रीची सायकल, आणि रात्री पंचांना काही दिसत नाही. १९०४ मध्ये रस्त्यावर खिळे पडले, मारहाण झाली, काहींनी आगगाडीचाही आधार घेतला. विजेता मोरिस गारँ याच्यासह पहिले चौघे नंतर बाद ठरले. १९०५ मध्ये सहाचे अकरा टप्पे झाले. ते खेळाडूंच्या दमाची काळजी म्हणून नव्हे, शर्यत उजेडात ठेवता यावी म्हणून.

पुढची भर डोंगरांची. १९१० मध्ये पिरेनीज आले. तूरमाले खिंडीची पाहणी करायला गेलेला अल्फोन्स स्टाइनेस बर्फात अडकला, कसाबसा उतरला आणि रस्ता उत्तम असल्याची तार त्याने ठोकून दिली. असले पाहणी अहवाल आजही लिहिले जातात, फक्त तार नसते. १९३४ मध्ये वैयक्तिक टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी धावायची शर्यत, आली. १९५२ मध्ये शेवटची रेषा थेट चढाच्या माथ्यावर गेली, आल्प द्युएझला. त्याआधी चढावर कमावलेली आघाडी पुढच्या उतारावर आणि सपाटीवर बरीचशी वितळायची. एकेका टप्प्याचे अंतर उलट घटत गेले. १९२६ मध्ये सतरा टप्प्यांत ५,७४५ किलोमीटर होते, म्हणजे सरासरी जवळपास ३३८. आज पुरुषांच्या शर्यतीत एका टप्प्याला २४० आणि रोजच्या सरासरीला १८० किलोमीटरची मर्यादा आहे.

कोकणाचा इतिहास मात्र आडवा आहे. जुन्या वाटा बंदरातून निघून खाडीकाठाने घाटाकडे जात. चिपळूणहून कुंभार्ली चढून कराड, राजापूरहून अणुस्कुरा, महाडहून वरंधा. किनाऱ्याला समांतर जायचे तर समुद्र होताच. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जायची. उत्तर-दक्षिण रस्त्याची निकड फारशी नव्हतीच. रेवस ते रेडी सागरी मार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळात पुढे आली आणि तो तुकड्यातुकड्यांनी होत राहिला. शर्यत न्यायची ती याच रस्त्याने.

उत्तरेकडच्या निम्म्या भागात तो आजही पाण्यापाशी थांबतो. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, सगळीकडे फेरीबोट. पुलांची कामे हाती घेतली आहेत, पण आज आखायचे तर आजचा रस्ता धरावा लागतो. नियमपुस्तकात रेल्वे फाटकाचे उत्तर आहे. पुढे निसटलेल्यांची आघाडी ३० सेकंदांपेक्षा जास्त असेल, ते बंद फाटकाशी अडकले आणि मागचा घोळका त्यांना गाठून बसला, तर शर्यत थांबवून तेवढ्याच अंतराने पुन्हा सोडतात. आघाडी त्याहून कमी असेल तर ते नशीब. फाटक काही मिनिटांत उघडते. फेरीबोटीवर मात्र नुसते सायकलस्वार चढवून भागत नाही. त्यांच्यामागे संघांच्या गाड्या, पंचांच्या गाड्या, मोटरसायकली, रुग्णवाहिका आणि सामानाचे ट्रक असतात. एवढा ताफा पलीकडे न्यायला फेऱ्यांवर फेऱ्या लागतील. वळसा घालावा तर दाभोळहून गुहागरला जायला खेड-चिपळूण गाठावे लागते. म्हणून तर जिथे फेरीबोट आहे तिथे टप्पा संपवायचा. संध्याकाळी निवांत पलीकडे जायचे आणि सकाळी पलीकडून सुटायचे.

भरती-ओहोटीचा धडा फ्रान्समध्ये एकदा महागात शिकून झाला आहे. नुआरमुतिए बेटाकडे जाणारा ‘पासाज द्यू ग्वा’ हा सुमारे चार किलोमीटरचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो. १९९९ च्या टूरमध्ये शर्यत ओहोटीला त्यावरून नेली. पाणी उतरले होते, पण शेवाळ आणि ओल राहिली. मोठा घोळका आडवा झाला आणि ॲलेक्स त्सूलेने तिथे सहा मिनिटांहून जास्त वेळ गमावला. शेवटी तो शर्यतीत दुसरा आला. खाडीकाठच्या सखल रस्त्यांवर म्हणूनच पाणी उतरण्याच्या वेळेइतकाच रस्ता सुकण्याचा वेळही धरायला हवा.

रत्नागिरीच्या दक्षिणेला चित्र बदलते. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, वाघोटन, मिठमुंबरी, आचरा, कर्ली. पुलांमागून पूल आहेत आणि रस्ता सलग आहे. इथला चढ मात्र फसवा. पुलावरून निघाले की जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, चढायचे, सडा ओलांडला की पुढच्या खाडीत उतरायचे. एक चढ १०० मीटरचा धरला आणि दिवसात असे पंधरा आले तर दीड हजार मीटर होतात. यातला एकही चढ नकाशावर नाव घेण्याजोगा नसतो. शेवटच्या रेषेवर सुसाट सुटणारे जड अंगाचे स्प्रिंटर त्यातच गळतात, आणि मार्गपत्रिकेवर ‘सपाट टप्पा’ लिहिणारा खेळाडूंच्या शिव्या खातो.

सड्यावर वारा मोकळा असतो. हिवाळ्यात दुपारी तो वायव्येकडून येतो, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याला उजव्या खांद्यामागून. घोळका तिरका होतो, प्रत्येक जण पुढच्याच्या डावीकडे थोडा मागे सरकून आडोसा घेतो. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर अशी रांग सात-आठ जणांत भरते. नववा रस्त्याच्या डाव्या कडेला वाऱ्यात उघडा पडतो. साइडपट्टीची माती डांबरापेक्षा चार बोटे खाली असेल तर तो तिथेच पडतो. पाहणीत म्हणूनच ही कडा फूटपट्टीने मोजावी, गाडीतून बघून समजत नाही. सकाळी आठला सोडलेला टप्पा वारा सुटायच्या आत संपतो. चुरस हवी असेल तर दहाला सोडावा.

वाडीतला रस्ता पावणेचार मीटरचा, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणे. तिथे शिरायच्या आधीचे दोन किलोमीटर रुंद हवेत, नाहीतर जागेसाठीची धक्काबुक्की नेमकी वळणावर होते. गतिरोधक रोडबुकात, म्हणजे शर्यतीच्या मार्गपुस्तिकेत, किलोमीटरसह नोंदवावेत, आणि शेवटच्या तीन किलोमीटरमधले काढूनच टाकावेत. मुंबई-गोवा महामार्गाचे काँक्रीट रुंद दिसते, पण लांबीच्या दिशेने गेलेल्या सांध्यात २८ मिलिमीटरचे टायर अडकले की हँडल हातात राहत नाही. शेवटच्या रेषेआधी किमान ३०० मीटर आणि नंतर १०० मीटर बॅरिकेड लागतात, ते एकमेकांत घट्ट अडकवलेले. २०२० मध्ये पोलंडच्या शर्यतीत कातोवित्सेला उतारावरची स्प्रिंट ताशी ऐंशीच्या आसपास गेली, फाबिओ याकोब्सन बॅरिकेडवर आदळला आणि ते कोसळले. तेव्हा बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, कितीही सुंदर दिसला तरी, रेषा आखू नये. खाडीतून वर येणारा चढ बरा, वेग आपोआप पडतो.

मुख्य चढ कुठला यावर फार वाद नको, सावंतवाडीहून आंबोली. माथा ७०० मीटरच्या आसपास, आणि दाणोलीनंतर खरा घाट सुरू होतो. आंबोली बाजारात रेषा आखायचा मोह टाळावा, तिथे रेषेपुढे गाड्या वळवायला जागा नाही. थोडे पुढे आजऱ्याच्या दिशेला रस्ता मोकळा होतो.

तारखेचे गणित वेगळेच. जून ते सप्टेंबर पाऊस, फाल्गुनात शिमगा. पालखी रस्त्यावर असताना रस्ता बंद करायला कोणी सांगणार नाही, आणि सांगूही नये. उरतात डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यात मालवणकडच्या आंगणेवाडीची जत्रा येते. तिची तारीख पंचांगात सापडत नाही, भराडीदेवीच्या कौलाने ठरते. यूसीआयच्या कॅलेंडरला तारीख मात्र बरीच आधी द्यावी लागते. जत्रेच्या दिवशी कणकवली-मालवण पट्ट्यात पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे मालवणचा टप्पा दोन प्रकारे आखून ठेवावा लागतो. एक आचऱ्यावरून किनाऱ्याने मालवणात येणारा, दुसरा आदल्या दिवशीच देवगडला थांबून पुढचे अंतर गाड्यांनी कापणारा.

आमच्या मते रेवस ते रेडी एकाच शर्यतीत घेण्याचा हट्ट तूर्त सोडावा. रत्नागिरीपासून चार टप्पे, त्यातला शेवटून दुसरा आंबोलीचा, आणि शेवटचा वेंगुर्ल्याहून रेडीपर्यंतची छोटी टाइम ट्रायल. टाइम ट्रायलला प्रत्येक जण एकेकटा सुटतो, त्यामुळे तिथला अरुंद रस्ताही चालतो.