वोडका नाव आलं कुठून? (आमच्या वाईन शॉपच्या गिऱ्हाइकांसाठी)

काउंटरवर गर्दी कमी असली की कोणीतरी हमखास विचारतं, शेठ ह्याला वोडका का म्हणतात, म्हणून हे पान छापलंय, बिलासोबत घ्या आणि निवांत वाचा.

शब्द पूर्व युरोपातला. तिकडे वोदा म्हणजे पाणी, त्याला 'का' जोडला की लाडिक छोटं रूप होतं. आपलं उदकही त्याच जुन्या कुळातलं, त्यामुळे "आता वोडकावर उदक सोडा" असं घरचे म्हणतात तेव्हा एकाच घराण्यातले दोन शब्द एका वाक्यात येतात, गंमतच आहे.

सगळे रशियन रशियन म्हणतात पण हा शब्द लिहिलेला सापडतो तो पोलंडमध्ये, सांदोमिएश भागातल्या कोर्टाच्या कागदात, साल 1405, आणि तेव्हा ती दारू नव्हतीच, औषधी अर्काला आणि अंगाला चोळायच्या पाण्याला वोडका म्हणत (पोलिश माणूस उच्चार 'वुत्का' असा करतो). प्यायच्या कडक दारूला त्यांचा वेगळा शब्द होता, जळणं ह्या अर्थावरून आलेला, युक्रेनमध्ये अजून होरिल्का म्हणतात ती तीच. रशियात तर एकोणिसाव्या शतकातसुद्धा सरकारी कागदावर 'धान्याची वाईन' असंच लिहायचे, वोडका नाव पक्कं झालं ते बरंच नंतर.

अजून एक, वोडकात 40 टक्के अल्कोहोल हे माप रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने ठरवलं ही निव्वळ थाप आहे. त्याने अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणावर प्रबंध लिहिला हे खरं, पण तो 1865 चा, आणि रशियात ते माप आलं 1843 मध्ये, तेव्हा हा नऊ वर्षांचा पोरगा!

आपल्याकडच्या बाटलीवर बहुतेक वेळा 42.8 टक्के दिसेल. हा आकडा इंग्रजांच्या जुन्या प्रूफ पद्धतीतून (दारूचा कडकपणा मोजायची पद्धत) आलाय, त्यांचं 100 प्रूफ म्हणजे साधारण 57 टक्के, त्यातलं 75 धरलं की 42.8. मागचं लेबलही वाचत जा, आपल्याकडे काही वोडका धान्याच्या स्पिरिटची असते तर काही उसाच्या मळीच्या स्पिरिटची. दोन्हीत काय आवडतं ते ज्याचं त्याने ठरवावं, आम्ही विचारल्याशिवाय सांगत नाही.

वय 25 पूर्ण नसेल तर मागू नका, मिळणार नाही. परमिट नसेल तर काउंटरवर एक दिवसाचं मिळतं.