सुपरमार्केटमध्ये अप्रेंटिस व्हायचंय? आधी करार, मग ड्युटी

दारव्हा, चिमूर, वरुडकडच्या पोरापोरींच्या मोबाइलवर हल्ली मेसेज फिरतात: ‘सुपरमार्केटमध्ये स्टोअर मॅनेजमेंट अप्रेंटिस घेणे आहे’. यातल्या काही जागा खऱ्या असतात, काही ठिकाणी नाव अप्रेंटिसचं आणि काम कमी पैशातल्या हमालीचं. ओळखायची खूण एकच. सरकारी पोर्टलवर, बहुतेक वेळा ‘अप्रेंटिसशिप इंडिया’वर, तुमच्या नावाचा करार नोंदलेला आहे का? तो नसेल, तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तुम्ही अप्रेंटिसच नाही.

कायद्यात किमान वय १४ आहे, पण दुकानांच्या बहुतेक जाहिराती १८ पूर्ण मागतात. शिक्षणाची अट कोर्सप्रमाणे बदलते. दहावी-बारावीवाल्यांना साधारणपणे सेल्स किंवा कॅशियरचे कोर्स मिळतात. ‘मॅनेजमेंट’ शब्दाला भुलून पहिल्या दिवसापासून केबिन मिळेल असं समजू नका. आधी गाडीतून उतरलेला माल बिलाशी ताडायचा, एक्स्पायरी जवळ आलेली पाकिटं रॅकवर पुढे ओढायची, रात्री गल्ल्याचा हिशेब जुळवायचा. स्टोअर सांभाळणारा माणूस बहुतेक वेळा यातूनच वर गेलेला असतो, त्यामुळे हे शिकणं वाया जात नाही. कोर्स ६ ते ३६ महिन्यांचा असू शकतो.

पदवी किंवा डिप्लोमा झालेल्यांसाठी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची वेगळी योजना आणि वेगळं पोर्टल आहे. आणि राज्याची ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ ही तिसरीच गोष्ट, तिचा अर्ज राज्याच्या ‘महास्वयं’ पोर्टलवर होतो. सेतू केंद्रात ‘प्रशिक्षणाचा फॉर्म भरा’ एवढंच सांगितलं तर कुठला भरला जाईल याचा नेम नाही, म्हणून योजनेचं नाव सांगा.

कागदपत्रं फार नाहीत: आधार, त्याला जोडलेला चालू मोबाइल नंबर, ई-मेल, शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका, फोटो, बँक पासबुक. अडतं ते नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एवढ्याने सहसा बिघडत नाही. पण स्पेलिंग किंवा जन्मतारीखच वेगळी असेल तर अर्जाआधी आधार दुरुस्त करून घ्या. दुसरी अडचण खात्याची. दरमहाच्या विद्यावेतनातला सरकारचा वाटा आधार सीडिंग असलेल्या, म्हणजे आधारशी जोडलेल्या खात्यातच पडतो. लाडकी बहीणच्या वेळी ज्या घरात पैसे भलत्याच जुन्या खात्यात गेले, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. कुठलं खातं जोडलंय ते बँकेत विचारा.

पोर्टलवर उमेदवार म्हणून नोंदणी, आधारच्या ओटीपीने ई-केवायसी, मग प्रोफाइल पूर्ण करून जागा शोधायची आणि अर्ज करायचा. दुकानाने निवड केली की ऑफर येते. ती स्वीकारल्यावर करार तयार होतो. १८ च्या आत असाल तर पालकांची सही लागते. नोंदणीला शुल्क नाही. सेवा केंद्रवाला स्कॅन-प्रिंटचे पैसे घेईल ते वेगळं. ‘जागा पक्की करतो’ म्हणून कुणी हजारात मागत असेल तर उठून या. मधली एजन्सी दिसली म्हणजे फसवणूकच, असंही नाही. कायदेशीर मध्यस्थ संस्था असतात, पण करार त्यांच्याकडूनही पोर्टलवरच व्हायला हवा.

विद्यावेतनाचे २०१९ च्या नियमांतले किमान आकडे असे: दहावी पास ६,००० रुपये, बारावी पास ७,०००, पदवीधर ९,०००. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ३६ टक्के वाढीची शिफारस केली, म्हणून सही करताना लागू असलेला आकडा पोर्टलवर बघा. यातला २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार थेट खात्यात टाकतं. म्हणजे ७,००० वाल्याला दुकानाकडून ५,५०० येतील आणि उरलेले वेगळे जमा होतील. पैसे कमी आले म्हणून दुकानात भांडायच्या आधी पासबुक भरून घ्या.

खरा हिशेब खोलीभाड्याचा आहे. नागपुरात खोली, मेस आणि गावी जायचं एसटीचं भाडं धरलं तर ७,००० त हात कोरडाच राहतो. माझं मत विचाराल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावात, घरून जाऊन-येऊन जमेल अशी जागा आधी शोधा. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. त्यामुळे तालुक्याच्या मोठ्या मार्टलाही विचारायला हरकत नाही.

अप्रेंटिस हा कामगार नसतो. पीएफ, ईएसआय लागू होत नाही. मात्र कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. दिवाळीच्या गर्दीत हे नेमकं विसरलं जातं. कोर्स संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी असं बंधन नाही, म्हणून दुकानाचं याबाबतचं धोरण आधीच विचारा. करार मध्येच मोडला तर कोणाला काय भरावं लागेल, ते कलमही वाचून घ्या.

तक्रार करायची तर जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये शिकाऊ उमेदवारीचं काम बघणाऱ्यांकडे जा. दुकान चार किंवा अधिक राज्यांत पसरलेल्या साखळीचं असेल तर प्रकरण केंद्राच्या अखत्यारीत जातं, ते कुठे पाठवायचं हेही तिथेच विचारता येईल. जाताना कराराचा क्रमांक आणि पासबुकाची झेरॉक्स सोबत ठेवा.