दुसरा टेक नसलेलं संगीत: चेंबर जॅझच्या ध्वनिमुद्रणातलं भौतिकशास्त्र

मे १९४९मध्ये न्यू यॉर्कमध्ये पियानोवादक लेनी ट्रिस्टानो आणि त्यांच्या साथीदारांनी चाल, स्वरपट्टी किंवा लय यांतलं काहीच न ठरवता दोन तुकडे ध्वनिमुद्रित केले. कुणामागून कुणी शिरायचं, इतकंच ठरलं होतं. १९६१मध्ये जिमी जुफ्री यांच्या क्लॅरिनेट, पियानो आणि डबल बेसच्या त्रिकूटाने ड्रमशिवायचा जॅझ आणखी मोकळा केला. आजही प्रायोगिक चेंबर जॅझचे, म्हणजे खोलीत बसून ऐकण्याजोग्या शांत जॅझचे, अल्बम बहुधा अशाच छोट्या संचाचे असतात.

लिहिलेल्या संगीतात बिघडलेले चार बार (मात्रांचे गट) दुसऱ्या टेकमधून, म्हणजे त्याच तुकड्याच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणातून, उचलून जोडता येतात. उत्स्फूर्त वादनात ते चार बार दुसऱ्या टेकमध्ये नसतातच. म्हणून प्रत्येकाला वेगळ्या काचेच्या खोलीत बसवून त्याच्या वाद्याचा वेगळा, स्वच्छ ट्रॅक घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. २०१४मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी एकमेकांना आळीपाळीने सुरांतून उत्तर देणाऱ्या जॅझवादकांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा भाषेची वाक्यरचना हाताळणारे भाग सक्रिय दिसले. हे वादन म्हणजे संभाषणच आहे, आणि ते हेडफोनमधून नीट रंगत नाही.

एका खोलीत बसवायचं, तर किती अंतरावर? २० अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर कापायला त्याला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात. स्टॅनफर्डमध्ये क्रिस चाफे आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या खोल्यांतल्या दोघांना मिळून टाळ्यांचा ठेका धरायला लावला आणि मधला विलंब बदलत नेला. विलंब साधारण ११ मिलिसेकंदांहून कमी असला की ठेका हळूहळू चढायचा, जास्त झाला की रेंगाळायचा. ११ मिलिसेकंद म्हणजे पावणेचार मीटरच्या आसपास. अर्धवर्तुळात दोन ते तीन मीटरवर बसलेल्या त्रिकूटाला त्रास होत नाही. आठ-दहा मीटर पसरलेल्या संचाची लय मात्र ओढली जाते.

जवळ बसलं की पियानो क्लॅरिनेटच्या मायक्रोफोनमध्ये शिरणारच. शिरण्याला हरकत नाही, अडचण होते ती वेळेच्या फरकाची. एकच आवाज दोन मायक्रोफोनपर्यंत ३४ सेंटीमीटरच्या फरकाने पोचला, की दुसरीकडे तो एक मिलिसेकंद उशिरा येतो. दोन्ही ट्रॅक जवळपास सारख्या पातळीवर मिसळले, तर ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी तो स्वतःलाच खोडतो आणि वाद्य पोकळ वाजतं. यावर एक-तीनचा नियम आहे: क्लॅरिनेटपासून तिचा मायक्रोफोन ४० सेंटीमीटरवर असेल, तर पुढचा मायक्रोफोन तिच्यापासून किमान १.२ मीटर हवा. तिथे तिचा थेट आवाज सुमारे साडेनऊ डेसिबलने उतरतो, आणि खोडाखोड साडेतीन डेसिबलच्या आसपास थांबते. मायक्रोफोन क्लॅरिनेटच्या खालच्या, पसरट तोंडाशी मात्र लावू नये. तिथून मुख्यतः अगदी खालचे सूर निघतात, बाकीचे बोटांच्या छिद्रांतून येतात. तो दोन हातांच्या मधल्या भागाकडे रोखावा. बेसला फिगर-एट मायक्रोफोन (पुढून-मागून ऐकणारा, कडेने जवळपास बहिरा) लावून त्याची बहिरी बाजू पियानोकडे वळवली, की बरंच काम होतं.

सगळ्यात जास्त वेळ बेसची जागा शोधण्यात घालवावा. त्याचा सर्वांत खालचा सूर, पाश्चात्त्य पद्धतीतला ई, ४१.२ हर्ट्झचा. खोली ८.३ मीटर लांब असेल, तर तिची लांबीच्या दिशेची दुसरी अनुनाद वारंवारता (जिच्यावर खोली स्वतःच घुमते ती) ४१.३ हर्ट्झ येते. मग तो एकच सूर घुमत राहतो आणि शेजारचे सूर दबलेले वाटतात. हे इक्वलायझरने (ठरावीक वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) पुरतं सुधारत नाही, कारण ती घूम तिन्ही मायक्रोफोनमध्ये शिरलेली असते. भिंतीपाशी आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी हा अनुनाद सर्वांत जास्त चेततो, लांबीच्या पाव अंतरावर सर्वांत कमी. म्हणजे बेस आखूड भिंतीपासून दोन मीटरच्या थोडा पुढे उभा करावा.

ड्रम नसल्याने एसीची घरघरही ऐकू येते, म्हणून टेक चालू असताना तो बंद ठेवतात आणि खोली तापते. दर अंशाला हवेतल्या ध्वनीचा वेग वाढून क्लॅरिनेट सिद्धांताने तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढायला हवी. वादकाच्या श्वासाने नळीतली हवा आधीच गरम असल्याने प्रत्यक्षात ती त्याहून कमी चढते. पण त्याच वेळी पियानोच्या तारा प्रसरण पावून उतरतात. दोघांतली दरी कानाला टोचू लागते. टेकच्या मध्ये खोली पुन्हा गार करावी, ए सूर जुळवून पाहावा आणि लागल्यास क्लॅरिनेटचा बॅरल (मुखाखालचा सरकता जोड) मिलिमीटरभर बाहेर ओढावा.

ध्वनिमुद्रणाची पातळी ठरवताना सावध राहावं, कारण वादक कुठे उसळेल हे त्यालाही ठाऊक नसतं. २४ बिटवर (बारीक डिजिटल मोजमापावर) ध्वनिमुद्रण असेल, तर कमाल पातळीखाली १५ ते १८ डेसिबल मोकळे सोडले तरी गोंगाटाचा प्रश्न येत नाही. शेवटी सगळ्यांना स्तब्ध बसवून रिकाम्या खोलीचा मिनिटभराचा आवाज घ्यावा. संपादनात काप फक्त शांततेत देता येतो, आणि जोड लपवायला हाच आवाज वापरतात. पियानोच्या पेडलची गुंज पूर्ण विरलेली नसेल, तर तिथे कापू नये. तुकडा लांबला तरी अखंड ठेवावा.