डेंग्यूत प्लेटलेट कमी होणं वेगळं आणि प्लाझ्मा गळणं वेगळं

डेंग्यू म्हटलं की फॅमिली ग्रुपवर पहिला प्रश्न एकच, प्लेटलेट किती? मीपण तेच विचारायचो. गेल्या पावसाळ्यात भाच्याला डेंग्यू झाला, १६ वर्षांचा पोरगा, पाचव्या दिवशी ताप उतरला आणि आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं, प्लेटलेट ६८ हजार होत्या म्हणजे अगदीच वाईट नाही असं आमचं आम्हीच ठरवून टाकलं. पण पोरगं पार गळून गेलेलं, पोट दुखतंय म्हणायचं, सकाळपासून तीन उलट्या झालेल्या आणि पाय गार. राउंडला आलेल्या डॉक्टर मॅडमनी त्याच रिपोर्टवर वरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. एचसीटी. दोन दिवसांपूर्वी ३८, आता ४६.

एचसीटी म्हणजे हिमॅटोक्रिट, रक्तात लाल पेशींचा वाटा किती ते. आमटी उकळत ठेवली की पाणी आटून ती दाट होते ना, तसंच, लाल पेशी वाढलेल्या नसतात, पाणी कमी झालेलं असतं. मग ते पाणी जातं कुठे? रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर साखर आणि प्रथिनांचा एक पातळ थर असतो, ग्लायकोकॅलिक्स म्हणतात त्याला. डेंग्यूच्या विषाणूचं एनएस१ नावाचं प्रथिन (पहिल्या दिवसांत आपण ज्याची टेस्ट करतो तेच) हा थर खराब करतं आणि अस्तरातल्या पेशींमधल्या फटी मोकळ्या होतात, हे २०१५-१६ मध्ये प्रयोगांतून दिसलं. शिवाय शरीराची स्वतःची प्रतिकाराची धावपळ त्यात भर घालते. मग प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पाण्यासारखा पातळ भाग, झिरपून छातीत आणि पोटात साठतो, लाल पेशी मात्र आतच राहतात. एचसीटी मूळ आकड्याच्या २० टक्के किंवा जास्त वाढला तर गळती बरीच झालीय असं समजतात.

प्लेटलेटचं तसं नाही. बोनमॅरोत त्या कमी बनतात आणि रक्तात जास्त नष्ट होतात, म्हणून आकडा पडतो. धोका रक्तस्रावाचा, पण नुसता आकडा कमी आणि रक्तस्राव काहीच नाही असे पेशंट भरपूर असतात. दोन्ही गोष्टी साधारण त्याच दिवसांत होतात म्हणून आपली गल्लत होते. प्लेटलेट झपाट्याने पडतायत आणि एचसीटी चढतोय ही जोडी दिसली की सावध व्हायचं, पण शॉकमध्ये (म्हणजे अवयवांना पुरेसं रक्तच पोचत नाही अशा अवस्थेत) नेते ती मुख्यतः गळती. आणि पेशंट खालावतोय पण एचसीटी उलट घसरतोय, तर आत कुठे रक्तस्राव होतोय का ते बघावं लागतं.

बीपीनेही आम्हाला फसवलं. १००/८२ होतं, ताई म्हणाली चांगलंय की. मॅडम म्हणाल्या दोन आकड्यांमधलं अंतर बघा, १८. वाहिन्यांतलं पाणी कमी झालं की शरीर त्या आवळून धरतं आणि खालचा आकडा वर राहतो, अंतर २० किंवा त्याहून कमी आणि हातपाय गार म्हणजे शॉक सुरू झाला असं धरतात. ताप उतरल्यावरचे २४ ते ४८ तास म्हणूनच सगळ्यात नाजूक, आणि नेमकं तेव्हाच आपण बिनधास्त होतो.

उपायही वेगळे. प्लेटलेटची पिशवी लावून गळती थांबत नाही. सिंगापूर-मलेशियात २० हजार किंवा त्याखाली प्लेटलेट असलेल्या मोठ्या माणसांवर एक चाचणी झाली, २०१७ मध्ये छापून आली, आधीच प्लेटलेट चढवून रक्तस्राव काही टळला नाही. पपईच्या पानांचा रस, किवी, याच्यामागे धावण्यात आम्ही अर्धा दिवस घालवला त्याचं मला अजून वाईट वाटतं. गळतीला लागतं ते मोजून दिलेलं सलाइन, तेही हात राखून, कारण दोनेक दिवसांनी झिरपलेलं पाणी परत रक्तात येतं आणि तेव्हा सलाइन जास्त झालेलं असलं तर फुफ्फुसात पाणी भरतं.

भाच्याचं सलाइन दर थोड्या वेळाने कमी-जास्त करत होते, लघवी मोजत होते, एचसीटी पुन्हा पुन्हा काढत होते. घरी सोडलं तेव्हा प्लेटलेट जेमतेम ५५ हजार, आई म्हणाली एवढ्या कमी असताना कसं काय सोडतात. पण त्या आता वाढायला लागल्या होत्या, एचसीटी ३९ वर स्थिर होता, पाय गरम होते आणि त्याने स्वतःहून वरणभात मागून घेतला होता.