मोडेम फास्ट झाले आणि फॉल्ट शोधणं अवघड का झालं

मोडेम म्हणजे कॉम्प्युटरचा डेटा टेलिफोन लाइनवरून पाठवणारा डबा. डेनिस हेज यांच्या कंपनीचा स्मार्टमोडेम 1981 मध्ये आला तेव्हा मामला सरळ होता. 300 बीपीएस (सेकंदाला 300 बिट), कॉम्प्युटर ज्या स्पीडने पाठवणार त्याच स्पीडने लाइनवर जाणार, आणि लाइनमध्ये खरखर असली की स्क्रीनवर लगेच भलतीच अक्षरं उमटायची. फॉल्ट डोळ्यांना दिसायचा.

हे चित्र बदललं 1985 च्या टेलिबिट कंपनीच्या ट्रेलब्लेझर मोडेमने. पॅकेट स्विचिंग, म्हणजे डेटाचे तुकडे करून पाठवण्याची पद्धत मांडणारे पॉल बॅरन यांचीच ही कंपनी. टेलिफोनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढीच जागा मिळते, त्यात यांनी जवळपास 500 बारीक कॅरियर (डेटा वाहून नेणारे वेगवेगळे सूर) बसवले, खराब निघतील ते सोडून द्यायचे, आणि चांगल्या लाइनवर 18,000 बीपीएसच्या आसपास स्पीड काढायचा, त्या काळात हे अफाटच होतं! पण एका वेळी एकाच दिशेने जोरात जायचं आणि दिशा बदलायला वेळ लागायचा, आणि युनिक्स सिस्टिमवाले फाइली आणि मेल पाठवायला वापरायचे ते यूयूसीपी तर दर थोड्या पॅकेटनंतर (डेटाच्या तुकड्यांनंतर) ‘मिळालं’ अशी पोच मागायचं. मग टेलिबिटने मोडेमलाच यूयूसीपी शिकवलं, म्हणजे समोरून पोच यायच्या आधी आपला मोडेमच आपल्या कॉम्प्युटरला पोच देऊन टाकतो. माझ्या मते खरं वळण इथेच आलं, कारण कॉम्प्युटर आता लाइनशी बोलतच नव्हता, मधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरशी बोलत होता.

पुढे व्ही.32 या स्टँडर्डचे 9600 बीपीएसवाले मोडेम आले, मग व्ही.42 चं एरर करेक्शन आणि व्ही.42बिस चं कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा दाबून छोटा करणं. लाइन खराब असली तरी कचरा दिसेना, मोडेम गुपचूप परत परत पाठवत राहायचा आणि आपल्याला फक्त स्लो वाटायचं. कॉम्प्रेशनमुळे कॉम्प्युटर-मोडेम स्पीड लाइनपेक्षा जास्त, 38,400 किंवा 57,600 वर फिक्स ठेवायला लागला, आणि तिथे मोडेम जोडायच्या जागेचा, पीसीच्या सीरियल पोर्टचा कमकुवतपणा उघडा पडला. पोर्टच्या जुन्या 8250 चिपमध्ये जागा एका बाइटची, 57,600 ला नवा बाइट सुमारे 174 मायक्रोसेकंदांत येतो, प्रोसेसर तेवढ्यात डिस्कमध्ये अडकला की बाइट गेलाच. म्हणून 16 बाइटची 16550ए चिप एवढी महत्त्वाची. आणि फ्लो कंट्रोल, म्हणजे ‘थांब’, ‘पाठव’ सांगायची सोय, हार्डवेअरचाच हवा, आरटीएस/सीटीएस या वेगळ्या तारांवरचा, कारण डेटामधूनच थांब-पाठव सांगणारी एक्सऑन/एक्सऑफची कॅरेक्टर्स फाइलच्या डेटातही येतात, मग ट्रान्सफर मध्येच गोठतो, स्लिपवर (सीरियल लाइनवरून इंटरनेट जोडायच्या पद्धतीवर) तर हमखास.

आपल्याकडे व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने 15 ऑगस्ट 1995 ला मुंबईसकट मोठ्या शहरांत इंटरनेट सुरू केलं तोवर हे सगळे थर मोडेममध्ये आलेले होते. त्यामुळे कुणी ‘कनेक्ट 57600 दाखवतंय तरी स्लो का’ विचारलं की आधी बघायचं हा आकडा कुठला, कारण कितीतरी मोडेम तिथे लाइनचा नाही, कॉम्प्युटरकडच्या पोर्टचा स्पीड छापायचे, आणि लाइनचा हवा असेल तर डायल करायच्या आधी मोडेमला वेगळी एटी कमांड (मोडेमला द्यायचा टाइप केलेला हुकूम) द्यावी लागायची.